तिसऱ्या सोमवारचा फेस

रुईजवळग्याच्या महादेवापुढं त्या सोमवारी संध्याकाळी एवढी गर्दी होती, की लोक देवाकडं पाठ करून बसले होते आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. बेंबळीहून टमटमी भरभरून येत होत्या. कळंबहून कुणीतरी गाडी करून आलं होतं. बाया पदरानं वारा घेत होत्या, पुरुष टाचा उंचावून बघत होते, आणि सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या एका काचेच्या पेल्याकडं लागले होते.

पेल्यामागं कृष्णराज महाराज बसले होते. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्षाची माळ. महाराजाला कोट कशाला आणि डॉक्टरला माळ कशाला, असं विचारणारं एक तरी माणूस त्या गर्दीत असायला हवं होतं. तसं एक होतंही. मागच्या खांबाला टेकून, तोंड मिटून गप्प बसलं होतं. तिचं नाव भुवनेश्वरी. बेंबळीच्या शाळेत ती विज्ञान शिकवते, आणि तरीही ती गप्प का बसली होती, त्याचीच ही गोष्ट आहे.

"मातांनो!" महाराजांनी एक चिमुकली बाटली वर धरली. इंजेक्शनच्या औषधाला असते तशी, रबरी बुचाची. "हे काय हाय? पाणी? न्हाय! हे हाय रीकॉम्बिनंट मानवी पडदा-प्रथिन! माणसाच्या पेशीच्या पडद्यावर देवानं बसवलेला द्वारपाल! कर्णाचं कवच म्हंजे दुसरं काय हुतं? प्रथिनच हुतं! इंद्रानं ते मागून नेलं, आन् आज कुणी परत आणलं? अमेरिकेनं? न्हाय! याच गावच्या लेकीनं! शिवप्रियाताईनं पुण्याच्या लॅबमधी ते काढलं, आन् म्या हिमालयात तप करून त्याला जागं केलं!"

टाळ्या कडाडल्या. बाटलीवर शिवप्रियाचा फोटो चिकटवलेला होता, हसरा, चष्म्यातला. तो फोटो दिसला की भुवनेश्वरीच्या पोटात दुखायचं. लाक्षणिक अर्थानं नव्हे, खरोखर दुखायचं.

महाराजांनी बाटली पेल्यातल्या पाण्यात उपडी केली, चांदीच्या चमच्यानं गरगरा घुसळलं, आणि पांढराशुभ्र फेस काठापर्यंत चढला. केवड्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत पसरला.

"बघा, प्रथिन जागं झालं! आता ते तुमच्या अंगातला रोग हुडकणार. रोग जिता असंल तर फेस तसाच ऱ्हाईल. रोग मेला असंल तर तुमचं बोट लागताच फेस बसंल. म्या कायबी करत न्हाय. म्या तर हातबी लावत न्हाय!"

रीत ठरलेली होती. पहिल्या आणि दुसऱ्या सोमवारी रोग्यानं भस्माच्या वाटीत बोट घालायचं आणि मग फेसात. फेस ढिम्म हलायचा नाही. महाराज हळहळायचे, "रोग जबर हाय बाबा." तिसऱ्या सोमवारी मात्र रोग्यानं आधी समईची ज्योत जागवायची, म्हणजे बोटानं वात जरा पुढं सारायची, आणि मग तेच बोट फेसात बुडवायचं. की फेस बघता बघता खाली. हर हर महादेव! मग त्या माणसानं आपली जुनी औषधं टेबलाशेजारच्या टोपलीत टाकायची. त्या टोपलीला महाराज 'विषाची टोपली' म्हणायचे, आणि ती दर सोमवारी गाडीत घालून घेऊन जायचे.

आज कुलदीपचा तिसरा सोमवार होता.

कुलदीप म्हणजे शिवप्रियाचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा, काटकुळा, हसरा पोरगा. नऊ वर्षांचा असताना त्याला साखरेचा आजार झाला. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे. अंगातली पहारेकरी फौज आपल्याच घरावर उलटते आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते, तो. तेव्हापासून इन्शुलिनची सुई रोज, न चुकता. आई चन्नम्मा बिचारी. नवरा गेल्यावर किराणा दुकानाच्या जिवावर दोन लेकरं वाढवलेली बाई. एक पुण्याला संशोधक झाली आणि दुसऱ्याला दिवसातून चार वेळा टोचताना हिनं दहा वर्षं पाहिलं. तिला कुणी म्हणालं, की तुझ्याच लेकीनं काढलेल्या औषधानं तुझाच लेक बरा होईल, फक्त गुण येईपर्यंत लेकीला कळवू नको, तर ती काय म्हणणार? तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं?

आता भुवनेश्वरीचं सांगतो. दहावीला ती शाळेत पहिली आली होती आणि शिवप्रिया दुसरी. हे गावात आता कुणाला आठवत नाही. भुवनेश्वरीला टक्क्यांसकट आठवतं. बारावी झाली आणि तिच्या वडलांनी तिला गावातल्या गावात आत्याच्या मुलाला, महारुद्रला देऊन टाकलं. माणूस लाखात एक, गुऱ्हाळ चालवणारा, तोंडात शिवी नाही. पण पहिली आलेली पोरगी एसटीच्या खिडकीत वही धरून धाराशिवला ये-जा करत बी.एस्सी. झाली, आणि दुसरी आलेली पुण्याला जाऊन डॉक्टरेट करू लागली. गेल्या सव्वीस जानेवारीला गावानं शिवप्रियाचा सत्कार केला. 'मानवी पेशीपडद्यावरील प्रथिन तयार करणारी आमची लेक' असा दहा फुटी फ्लेक्स वेशीवर लागला. सूत्रसंचालन कुणी करायचं? मास्तरीणबाईंनी! माइक धरून तिनं शिवप्रियाचं कौतुक केलं, आणि घरी येऊन भांडी अशी घासली, की महारुद्र म्हणाला, "अगं हळू. कढईचं बूड जाईल."

महिन्याभरानं हा कृष्णराज आला, तो फ्लेक्सवरचा फोटो बाटलीला डकवूनच. पहिल्याच दिवशी भुवनेश्वरीला कळलं की ही शुद्ध थाप आहे. एक फोन शिवप्रियाला केला असता तर काम झालं असतं. तिनं केला नाही. लागू दे जरा माती त्या नावाला, असं तिच्या मनात आलं. ती आतून थोडी सुखावली, आणि सुखावल्याची लाजही वाटली. मग लाज गिळून ती दर सोमवारी येऊन खांबाला टेकून बसू लागली.

कुलदीप पुढं झाला. वात पुढं सारली. बोट बुडवलं. फेस चिरला, विरला, आणि पेल्यात नुसतं गढूळ पाणी राहिलं.

"हर हर महादेव!"

चन्नम्मा ढसाढसा रडली. तिनं पिशवीतून इन्शुलिनची बाटली काढली, कपाळाला लावली आणि टोपलीत टाकली.

तेव्हा मात्र भुवनेश्वरी ताडकन उठली.

"काकू, इन्शुलिन टाकू नका! बीपीची गोळी चुकली तर माणूस चार दिवस काढतो, याचं तसं न्हाय. काढा ती बाटली!"

सगळी गर्दी मागं वळली. महाराज हसले. असल्या लोकांना हसता फार छान येतं.

"या, मास्तरीणबाई. ल्हान तोंडी मोठा घास कशाला? अनुभव घ्या. तुमच्यासाठी भस्म न्हाय, थेट ज्योत जागवा. निरोगी माणसाचा तर फेस बसलाच पायजे, का न्हाय?"

नवा पेला घुसळला. भुवनेश्वरी तणतणत पुढं गेली. बोटानं वात सारली. बोट सवयीनं केसांना पुसलं, वर पदरालाही पुसलं, आणि फेसात घातलं.

फेस तसाच. डेरेदार.

महाराजांच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी गडबडलं. पण बोलणं ज्याचं पोट भरतं, त्याला क्षण पुरतो. त्यानं फोटोकडं पाहिलं, हिच्याकडं पाहिलं, आणि दोन्ही हात आभाळाकडं केले.

"बघा गाववाल्यांनो! बाई धडधाकट, आन् फेस बसंना! मग रोग कुठला? मत्सर! जळतीय ही बाई! ताईच्या नावावर जळतीय!"

लोक हसले. खरं सांगायचं तर लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं. आणि चन्नम्मा, जिच्या चुलीपुढं बसून भुवनेश्वरीनं लहानपणी शेकड्यांनी भाकरी खाल्ल्या होत्या, ती डोळे पुसत म्हणाली, "भुवे, म्या आंधळी न्हाय गं. सत्काराच्या दिवशी तुझं त्वांड म्या बघितलं हुतं."

ह्याला काय उत्तर द्यायचं? खोटं असतं तर दिलं असतं. भुवनेश्वरी मान खाली घालून घरी गेली. इन्शुलिनची बाटली टोपलीतच राहिली.

मंगळवार तिनं फुगण्यात घालवला. जा मरा तिकडं, मला काय करायचंय, म्हणाली. हे तिनं नंतर स्वतः सांगितलं म्हणून मी सांगतो, नाहीतर बाईची अब्रू अशी काढली नसती.

बुधवारी सकाळची शाळा करून ती महारुद्रचा डबा घेऊन गुऱ्हाळावर गेली. काहिलीत रस रटरटत होता. मळी काढून झालेली, आणि आता फेस काठावर येऊन उतू जायच्या बेतात. महारुद्र निवांत उठला, एरंडेलाच्या वाटीत बोट बुडवलं आणि काहिलीच्या काठावरून तेल निथळू दिलं. फेस खाली बसला. रोज होतं ते. दहा वर्षं ती बघत आली होती.

"अहो," ती एकदम म्हणाली, "तेल लागलं की कुठलाबी फेस बसतो का?"

"रसाचा बसतो. रिठ्याचाबी बसतो. तेलकट डोस्क्याला रिठा लावून बघ, पयल्या खेपंला फेसच येत न्हाय. का गं?"

तिनं आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडं पाहिलं. मग हात केसांकडं गेला.

समईची वात सारली की बोट तेलकट होतं. आणि ते केसांना पुसायचं, हे तिच्या आईनं तिला पाच वर्षांची असल्यापासून शिकवलेलं. बाकीच्यांनी तेच बोट तसंच फेसात घातलं, कारण महाराज बजावायचे, "ज्योतीचा अंश पुसू नका." रागाच्या भरात तिनं ते ऐकलंच नाही आणि सवयीनं पुसलं. बाटलीत प्रथिन कसलं, रिठ्याचं पाणी असणार. भस्माचं बोट कोरडं म्हणून फेस राहायचा. वातीचं बोट तेलकट म्हणून फेस बसायचा. एवढंच. मत्सराचा आणि फेसाचा काडीचा संबंध नव्हता!

तिला असा आनंद झाला म्हणता! चारचौघांत झालेली फजिती भरून निघणार होती. सोमवारी कसं बोलायचं, कुणाकडं बघून बोलायचं, याची वाक्यं तिच्या मनात तयार होऊ लागली. आणि तिसऱ्या की चौथ्या वाक्याला तिला आठवलं, की कुलदीपनं सोमवार संध्याकाळपासून इन्शुलिन घेतलेलं नाही.

"गाडी काढा," ती म्हणाली. "डबा ऱ्हाऊ दे. गाडी काढा आधी."

कुलदीप बाजेवर पडला होता. धापा टाकल्यासारखा खोल, भराभर श्वास. उशाला उलटीची बादली. भुवनेश्वरी वाकली तर त्याच्या श्वासाला पिकून सडलेल्या फळाचा वास येत होता.

"महाराजांना फोन केला हुता," चन्नम्मा म्हणाली. "ते म्हनले, घाबरू नका. विष भायेर पडतंय."

"काकू, विष न्हाय, पोरगं चाललंय हातातनं! पाय धरा त्याचे."

गुळाच्या ढेपा न्यायच्या टेम्पोत, पोत्यांवर त्याला निजवून त्यांनी धाराशिव गाठलं. दवाखान्यात सलाईन लागलं, इन्शुलिन सुरू झालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाज कडक. "रात्र काढली असती तर मी काही करू शकले नसते," एवढंच त्या बोलल्या.  संध्याकाळी कुलदीपनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं, तेव्हा कुठं चन्नम्मा रडली.

बाहेर व्हरांड्यात उभं राहून भुवनेश्वरीनं शिवप्रियाला फोन लावला. शिवप्रिया पुण्याला गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा.

पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मग शिवप्रियानं विचारलं, "माझा फोटो लावून तीन आठवडे चाललं होतं हे?"

"चार."

"आईला कळलं नाही, ते समजू शकते. तुला तर पहिल्या दिवशी कळलं असणार, भुवी. तू का गप्प बसलीस?"

भुवनेश्वरीनं समोरच्या लिंबाच्या झाडाकडं पाहिलं. खोटं बोलायला वाव होता. शाळा होती, परीक्षा होत्या, नेटवर्क नव्हतं.

"तुझं नाव खराब होत होतं," ती म्हणाली. "आणि मला ते बरं वाटत होतं."

 मग शिवप्रिया रडक्या आवाजात, पण ठामपणे म्हणाली, "त्याबद्दल मी तुला नंतर शिव्या देणार आहे. नीट, वेळ काढून. आता सोमवारी काय करणार ते सांग."

"आधी तू सांग, ते तुझं प्रथिन असतं तरी काय? मी माइकवर तुझं कौतुक केलं तेव्हाही मला धड माहीत नव्हतं."

शिवप्रियानं सांगितलं. पेशीभोवती तेलकट पापुद्रा असतो. त्यात काही प्रथिनं रुतून बसलेली असतात, दाराला कुलूप असावं तशी. शरीराची फौज ती बघून ओळखते, की हे आपलं घर की परक्याचं. कुलदीपच्या अंगात ही ओळख चुकली. का चुकली ते बघायला ते कुलूप हातात हवं. माणसाच्या अंगातून ते पुरेसं मिळत नाही. म्हणून त्याची कृती सांगणारं जनुक दुसऱ्या पेशींत घालायचं आणि त्यांच्याकडून ते तयार करून घ्यायचं. रीकॉम्बिनंट म्हणजे एवढंच. ते औषध नाही. बाटलीवर लिहिलेलं असतं, फक्त संशोधनासाठी, माणसाला द्यायचं नाही.

"आणि घुसळतो म्हणालीस?" शिवप्रिया रडता रडता हसली. "अगं, पापुद्र्यातून काढल्यावर ते साबणासारख्या पाण्यात सांभाळावं लागतं. आम्ही ती बाटली हलवतानासुद्धा श्वास धरतो. फेस झाला की प्रथिनाची घडी मोडते, काम संपलं. बर्फापेक्षा कितीतरी गार फ्रीजरात ठेवतो. तो मार्चच्या उन्हात कोटाच्या खिशात घेऊन फिरतो, आणि फेस आला की म्हणतो जागं झालं!"

"हे तू कुलदीपसाठी करतीस?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"मग कुणासाठी? तुला हरवायला?"

पुढच्या सोमवारी गर्दी दुप्पट होती. पोरगं मरता मरता वाचलं ही बातमी बेंबळीपर्यंत गेली होती, आणि महाराजांनी तिचंही सोनं करून टाकलं होतं.

"प्रथिनानं रोग मारलाच हुता!" ते गरजत होते. "पन या बाईनं त्याला दवाखान्यात नेऊन सुया टोचल्या. का? तर ताईचं यश हिला बघवंना! विचारा तिला. महादेवाची आण घालून विचारा, जळतीस का न्हाय?"

भुवनेश्वरी उभी राहिली. हातात एक पिशवी होती. 

"व्हय," ती म्हणाली. "जळते मी."

 एवढं सरळ उत्तर महाराजांच्या हिशेबात नव्हतं.

"दहावीपासून जळते. तिचा फ्लेक्स लागला तेव्हा जळाले. हे महाराज पहिल्यांदा आले तेव्हा, खोटं कळत असून गप्प बसले, तेबी जळूनच. त्यापायी कुलदीप मेला असता. ते पाप माझं, आणि ते मी सगळ्यांसमोर कबूल करते. पण माझं जळणं खरं असलं म्हणून यांचं अमृत खरं होत न्हाय! मी वाईट बाई असंन. वाईट बाईनं सांगितलं म्हणून तेल पाण्यात विरघळत न्हाय. माझ्याकडं बघू नका. पेल्याकडं बघा."

तिनं पिशवीतून काचेचा वाडगा काढला. शांताक्का, गावातली जुनी लुगडी रिठ्यानं धुऊन देणारी म्हातारी, पहिल्याच रांगेत होती. तिच्याकडूनच आणलेले रिठे, आदल्या दिवशी भिजवलेले. त्यांचं पाणी वाडग्यात ओतलं, रवीनं घुसळलं. फेस काठापर्यंत आला. तसाच पांढरा, तसाच डेरेदार. फक्त केवड्याचा वास नव्हता.

"शांताक्का, हात पुसा. भस्म लावा. घाला बोट."

फेस तसाच राहिला.

"आता समईची वात सारा. बोट पुसू नका. घाला."

फेस चिरला आणि बसला. शांताक्कानं बोटाकडं पाहिलं, वाडग्याकडं पाहिलं. "अगं बया!" ती म्हणाली. "मग माझी कंबर तिसऱ्या सोमवारी बरी झाली, ती कशानं?"

"बरी झाली का खरंच?"

"न्हाय की," शांताक्का म्हणाली. "पन फेस बसला म्हनून म्या बरी झाले म्हनत हुते."

हशा पिकला. महाराज उठून उभे राहिले. "रिठ्याच्या पाण्याची दैवी प्रथिनाशी बरोबरी? घोर अपमान! माझा पेला येगळा हाय!"

"मग तुमच्याच पेल्यात बघू. तुमच्याच हातानं भरा. फक्त बोट पुसून घालायचं."

"पुसायचं न्हाय! ज्योतीचा अंश जातो!"

"ज्योतीचा जातो का तेलाचा?" मागून महारुद्र ओरडला. घुम्या माणूस, आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलला असेल.

भुवनेश्वरी पुढं जाणार, तेवढ्यात गर्दीतून चन्नम्मा आली. आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती.  टेबलावर महाराजांनी भरून ठेवलेल्या पेल्यात चमचा घालून तिनं स्वतःच घुसळलं. फेस चढला. तिनं समईची वात पुढं सारली. मग ते बोट पदराला पुसलं, एकदा, दोनदा, चामडी लाल होईस्तोवर. आणि फेसात घातलं.

फेस तसाच.

पुन्हा वात सारली. या वेळी पुसलं नाही. बोट घातलं आणि फेस विरून गेला.

"यव्वा," ती हळूच म्हणाली. "तेलाच्या एका थेंबावर म्या माझं लेकरू ठेवलं हुतं."

मग ती महाराजांकडं वळली. "माझ्या लेकीचा फोटो काढ त्या बाटलीवरचा."

महाराज काढेनात, तेव्हा तिनंच नखानं खरवडून काढला. नंतर काय झालं ते कोट घातलेल्या माणसाला फार सोयीचं नव्हतं. पांढऱ्या कोटात पळता येत नाही, लांबून ओळखू येतं. महारुद्रनं त्याला कुणाचा हात लागू दिला नाही, पण जाऊही दिलं नाही. भुवनेश्वरीनं सकाळीच तक्रार दिलेली होती. बेंबळीहून पोलिसांची जीप आली आणि त्याला घेऊन गेली. जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडं आहे. तो वापरायला कुणीतरी उठून तक्रार द्यावी लागते, एवढंच.

मग त्या दिवशी औषधं टाकलेला एकेक जण टोपलीपाशी आला. लाजत, इकडंतिकडं बघत. "माझी गुलाबी पट्टी कुठंय?" "ती माझी न्हाय का, बीपीची?" भुवनेश्वरीनं टोपलीवर हात ठेवला.

"यातलं कुणीबी काय घ्यायचं न्हाय. उन्हात तापलंय, कुणाचं कुणाला जाईल. उद्या डॉक्टरला दाखवून नवीन आणा. आणि जाण्याआधी हे बघा."

तिनं पिशवीतून कुलदीपची नवी इन्शुलिनची बाटली काढली, गार पाण्याच्या डब्यात ठेवलेली.

"यावर काय लिहिलंय वाचा. मानवी इन्शुलिन. रीकॉम्बिनंट. ज्या शब्दावर त्यानं तुमाला चार सोमवार नाचवलं, तो शब्द दहा वर्षं चन्नम्माकाकूंच्या फ्रीजमधी, दुधाच्या पिशवीशेजारी पडून हुता. माणसाचं प्रथिन, पण सूक्ष्म जिवांकडून तयार करून घेतलेलं. हे खरं. यानं कुलदीप जगलाय. याला हात जोडायची गरज न्हाय, फक्त वेळेवर घ्यायचं. यानं रोग जात न्हाय, माणूस ऱ्हातो. आन् शिवप्रियाचं प्रथिन? त्यातून अजून औषध निघालेलं न्हाय. कदाचित वीस वर्षांनी निघंल, कदाचित न्हायबी. ती तसंच सांगते, छातीठोक काय सांगत न्हाय. खरं सांगणारा माणूस 'माहीत न्हाय' म्हणतो, हे ध्यानात ठेवा."

मग ती म्हणाली, "ती माझ्यापेक्षा मोठं काम करते. हे म्हणायला मला नऊ वर्षं लागली."

आता कुणी विचारेल, तिचं जळणं गेलं का? छे हो! परवा शिवप्रिया परदेशात कुठं भाषणाला जाणार असं कळलं, तर मास्तरीणबाईंनी पुन्हा कढईचं बूड घासलं. पण त्याआधी फोन करून अभिनंदन केलं, आणि शिवप्रियानं बाकी राहिलेल्या शिव्या दिल्या. आपलं कुठं जळतंय हे माणसाला ठाऊक असलं, आणि ते त्यानं उघड कबूल केलं, की दुसऱ्या कुणाला त्या आगीवर आपली पोळी भाजून घेता येत नाही.

राहता राहिलं तुमचं-आमचं. गावात उद्या दुसरा कुणी येईल. कोट नसेल, कदाचित सूट असेल. फेस नसेल, दुसरं काही असेल. तो म्हणेल, मी हातही लावत नाही. तुमच्यातलं कुणी शंका घेईल तर तो त्या माणसाचा स्वभाव काढेल, जात काढेल, भांडण काढेल. तेव्हा माणसाकडं बघू नका, पेल्याकडं बघा. शंका घेणारा वाईट असला तरी शंका तपासून बघा. चालू असलेलं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि कुणी डोळ्यांदेखत चमत्कार दाखवला, तर टाळ्या वाजवायच्या आधी आपलं बोट स्वच्छ पुसून घ्या, मग बुडवा.